मुलाच्या डोक्याचा सीटी स्कॅन: डोळ्यांच्या भिंगासाठी आईवडिलांनी काय करावं

मी चौदा वर्षं सीटी विभागात टेक्नॉलॉजिस्ट म्हणून काम करतेय. लेकराला कडेवर घेऊन आलेले आईवडील दारातच दोन प्रश्न विचारतात. किती वेळ लागेल? आणि याचा काही त्रास नाही ना? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. हल्लीच्या मशीनवर प्रत्यक्ष स्कॅनला काही सेकंदच लागतात. दुसऱ्याचं उत्तर दारात उभं राहून देता येत नाही. बाहेर पुढचा पेशंट स्ट्रेचरवर असतो, मूल रडत असतं, आणि मी "काळजी करू नका" एवढंच म्हणते. ते उत्तर अपुरं आहे हे मला माहीत असतं. पूर्ण उत्तर इथे लिहिते आहे. ज्यांच्या हातात 'सीटी ब्रेन' लिहिलेली चिठ्ठी पहिल्यांदाच पडली आहे त्यांच्यासाठी.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. हा लेख वाचून कुणी गरजेचा स्कॅन टाळू नये. डोक्यात रक्तस्राव होत असेल तर सीटी मुलाचा जीव वाचवतो, आणि त्या घडीला भिंगाचा विचार करायचा नसतो.

भिंगाला नेमकं काय होतं

डोळ्याच्या काळ्या बाहुलीमागे पारदर्शक भिंग असतं. त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्वचेच्या जुन्या पेशी झडून जातात, भिंगाच्या जात नाहीत. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे नवे थर जुन्यांवर चढत राहतात आणि आतले थर जन्मभर तिथेच असतात. नवे थर तयार करणाऱ्या पेशी भिंगाच्या पुढच्या पृष्ठभागावर, विशेषतः कडेला असतात. त्या सतत विभागत असतात, म्हणून सीटीतल्या एक्स-रे किरणांचा मार त्यांना लागतो. बिघडलेल्या पेशी सरकत सरकत भिंगाच्या मागच्या बाजूला गोळा होतात आणि तिथे धुरकटपणा येतो. किरणांमुळे होणारा मोतीबिंदू बहुतेकदा याच जागी सापडतो. ही जागा थेट नजरेच्या वाटेवर असल्यामुळे डाग लहान असला तरी उन्हात, समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यात त्रास होतो. पण हे सगळं घडायला वर्षानुवर्षं लागतात. साठीच्या माणसाला तेवढी वर्षं नसतातही. तीन वर्षांच्या मुलीपुढे मात्र अख्खं आयुष्य असतं.

आता आकडे. एखाद्या अवयवात किरणांची किती ऊर्जा मुरली ते मिलिग्रेमध्ये मोजतात. डोक्याच्या एका सीटीत डोळे थेट किरणांच्या पट्ट्यात आले, तर भिंगाला साधारण २० ते ५० मिलिग्रे डोस मिळतो. डोळे पट्ट्याबाहेर राहिले तर फक्त विखुरलेले किरण पोचतात आणि डोस कितीतरी कमी होतो. किरणोत्सर्गापासूनच्या संरक्षणाचे नियम सुचवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगानं, म्हणजे आयसीआरपीनं, २०११ साली भिंगासाठीची मर्यादा एकदम खाली आणली आणि ५०० मिलिग्रे हा उंबरठा धरला. त्याचा अर्थ असा, की एवढा डोस मिळालेल्या शंभर जणांपैकी साधारण एकाला वीसहून जास्त वर्षांनी मोतीबिंदू होऊ शकतो. किरणांजवळ काम करणाऱ्या आमच्यासारख्यांच्या डोळ्यांसाठीची शिफारस त्याच वेळी वर्षाला १५० मिलिसिव्हर्टवरून सरासरी २० वर आली (हे डोसचं दुसरं एकक; एक्स-रेच्या बाबतीत भिंगासाठी ते मिलिग्रेइतकंच धरा). म्हणजे तज्ज्ञांनाही भिंग आधी वाटलं होतं त्यापेक्षा नाजूक निघालं.

हा हिशोब मांडला की चित्र स्पष्ट होतं. एका स्कॅननं मुलाच्या डोळ्यांना भीती बाळगावी असं काही होत नाही. दोनांनीही नाही. पण ज्या मुलाचे बारा-पंधरा स्कॅन होतात, आणि प्रत्येक वेळी डोळे पट्ट्यातच येतात, ते मूल त्या उंबरठ्याच्या आसपास पोचतं. भिंगासाठी बेरीज महत्त्वाची असते, आणि ती बेरीज आपल्याकडे कुठलीही यंत्रणा मुलाच्या नावानं ठेवत नाही. ती आईवडिलांनाच ठेवावी लागते.

(डोळ्यांखेरीज मेंदूचा आणि रक्ताचा कर्करोग हाही प्रश्न आहे. ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासानं २०१२ साली तो मांडला. दहा वर्षांखालच्या दहा हजार मुलांचा डोक्याचा एकेक सीटी झाला, तर पुढच्या दहा वर्षांत रक्ताच्या कर्करोगाचा साधारण एक आणि मेंदूच्या गाठीचा एक जास्तीचा रुग्ण, असा तो अंदाज होता. धोका लहान आहे, पण विनाकारण घ्यावा असा नाही.)

पहिली पायरी: स्कॅन हवाच आहे का, हे विचारा

सर्वात जास्त डोस वाचतो तो इथेच. न केलेल्या स्कॅनचा डोस शून्य असतो.

मुलांचे डोक्याचे बरेच सीटी पडल्यामुळे होतात. पलंगावरून, पाळण्यातून, जिन्यावरून, झोक्यावरून. अमेरिकेतल्या पेकार्न या संशोधन गटानं ४२ हजारांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासून २००९ साली काही निकष ठरवले. जगभरचे बालरोगतज्ज्ञ ते वापरतात. तुमच्या डॉक्टरांनाही ते ठाऊक असतील. तरी तुम्हाला माहीत असलेले बरे, कारण पडताना मुलाला पाहिलेलं असतं तुम्ही, आणि डॉक्टर तुमच्या सांगण्यावरच निर्णय घेतात.

दोन वर्षांखालच्या बाळासाठी हे पाहतात: बाळ नेहमीसारखं भानावर आहे का, कवटीला खाच किंवा मोड हाताला लागते का, टेंगूळ कपाळ सोडून दुसरीकडे, म्हणजे बाजूला, मागे किंवा माथ्यावर आहे का, पाच सेकंद किंवा त्याहून जास्त शुद्ध हरपली होती का, तीन फुटांपेक्षा उंचावरून पडलं का, आणि आईला ते वेगळं वाटतंय का. हा शेवटचा निकष खरोखर त्या यादीत आहे. "डॉक्टर, हा असा कधी नसतो" हे वाक्य मोकळेपणानं बोला.

दोन वर्षांवरच्या मुलांसाठी: भान कसं आहे, शुद्ध गेली होती का, उलट्या झाल्या का, डोकं खूप दुखतंय का, पाच फुटांवरून पडलं का, आणि कवटीच्या तळाला मोड असल्याच्या खुणा आहेत का. या खुणा म्हणजे कानामागे किंवा दोन्ही डोळ्यांभोवती काळंनिळं पडणं, कानानाकातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव येणं. वाहनाचा जोराचा अपघात दोन्ही वयोगटांत गंभीर धरतात. बाईकच्या टाकीवर पुढे बसवलेलं मूल फेकलं गेलं असेल, तर किती फूट वगैरे मोजत बसू नका.

यातलं एकही लक्षण नसेल तर मेंदूला गंभीर इजा असण्याची शक्यता अगदी नगण्य असते आणि स्कॅनची गरज नसते. भान बदललेलं असेल किंवा कवटी मोडल्याची खूण असेल तर स्कॅन लगेच करायचा. या दोहोंच्या मधल्या मुलांसाठी बरेचदा चार ते सहा तास दवाखान्यात लक्ष ठेवणं पुरतं. तेव्हा नम्रपणे विचारा: "डॉक्टर, आम्ही काही तास इथेच थांबलो आणि तुम्ही मधूनमधून पाहिलंत, तर चालेल का?" हा प्रश्न विचारायला आईवडील घाबरतात. डॉक्टरांना राग येईल असं वाटतं. माझा अनुभव उलट आहे. पुष्कळदा डॉक्टरांनाच वाटत असतं की घरचे लोक स्कॅनशिवाय ऐकणार नाहीत.

डोक्याला मार लागला की मुलाला झोपू द्यायचं नाही, असं आपल्याकडे घरोघरी सांगतात. डॉक्टरांनी तपासल्यावर मूल त्याच्या नेहमीच्या वेळेला झोपलं तर झोपू द्यावं. सांगितलं असेल तर मध्ये उठवून ओळखतंय ना एवढं पाहावं. पण उठवूनही जागं होईना, वारंवार उलट्या, आकडी, एका बाजूचा हात-पाय लुळा, बाहुल्या लहानमोठ्या, बाळाची टाळू फुगलेली, यांपैकी काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा आणि निघा.

पडण्याशिवायची कारणंही आहेत. तापात एकदाच आलेली साधी आकडी, आणि नंतर मूल पूर्ववत झालेलं असेल, तर सहसा सीटी लागत नाही. शाळकरी मुलांची नेहमीची डोकेदुखी, तपासणीत बाकी सगळं ठीक असेल, तर तिथेही नाही. सर्दी-सायनससाठी लहान मुलांचा सीटी तर मला फार खटकतो, कारण त्यात डोळे हमखास पट्ट्याच्या मधोमध येतात आणि उपचार बहुधा तोच राहतो.

दुसरी पायरी: दुसऱ्या तपासणीनं भागेल का

टाळू भरून आलेली नसेल तर तिथून मेंदूची सोनोग्राफी करता येते. किरण अजिबात नाहीत. डोक्यात पाणी वाढलंय का हे पाहायला ती उत्तम. पडलेल्या बाळाच्या बाबतीत मात्र ती सीटीची जागा घेत नाही. डोक्याचा साधा एक्स-रेही घेत नाही. तो स्वच्छ आला म्हणून आत सगळं ठीक असं म्हणता येत नाही.

एमआरआयमध्येही किरणोत्सर्ग नसतो. अडचण अशी की त्याला वीस मिनिटं ते पाऊण तास लागतो, मशीन ठणाठणा वाजतं, आणि पाच-सहा वर्षांखालच्या मुलाला बहुतेकदा झोपेचं औषध किंवा भूल द्यावी लागते. खर्चही जास्त. तातडीच्या वेळी सीटीच बरोबर. पण वेळ हाताशी असेल, म्हणजे फिट्सचं कारण शोधायचं असेल, जुनी डोकेदुखी असेल, तर "एमआरआय केला तर चालेल का?" हे जरूर विचारा. डोळ्यातल्या रेटिनोब्लास्टोमा या गाठीची शंका असेल तर एमआरआयच पहिला पर्याय आहे. हा आजार आनुवंशिक असलेल्या मुलांना किरण एरवीपेक्षा जास्त बाधतात.

तिसरी पायरी: केंद्रात फोन करून तीन गोष्टी विचारा

तातडी नसेल तेव्हाच हे शक्य आहे. केंद्र अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवान्याचं आहे का? हे मंडळ मुंबईत अणुशक्तीनगरला आहे आणि देशातल्या प्रत्येक सीटी मशीनला त्यांचा परवाना लागतो. मुलांसाठी वेगळा प्रोटोकॉल, म्हणजे मशीनची कमी डोसची वेगळी मांडणी, वापरता का? तान्ह्या बाळाची कवटी पातळ आणि डोकं लहान असतं, त्याला मोठ्यांचा डोस देण्याचं काहीच कारण नाही. आणि तिसरं: चिठ्ठीवर 'प्लेन आणि कॉन्ट्रास्ट', म्हणजे एकदा साधा आणि एकदा शिरेतून औषध देऊन, असं दोन्ही लिहिलं असेल तर दोन्ही खरंच हवेत का? तसं केलं तर तेच डोकं दोनदा स्कॅन होतं आणि डोस जवळपास दुप्पट होतो. हे आम्ही टेक्नॉलॉजिस्ट परस्पर बदलू शकत नाही. चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांशी किंवा रेडिऑलॉजिस्टशी बोलावं लागतं.

चौथी पायरी: टेबलावर

मूल हललं की चित्र पुसट येतं आणि पुन्हा स्कॅन घ्यावा लागतो. तुमच्या हातात असलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच, मूल हलू न देणं. तान्हं बाळ असेल तर झोपेच्या वेळेला आणा, पोटभर पाजा आणि दुपट्यात घट्ट गुंडाळा. बऱ्याच बाळांना मग औषधही लागत नाही. (भूल द्यायची असेल तर उपाशी पोटी आणायचं असतं, म्हणून आधी विचारून घ्या.) तीन-चार वर्षांच्या मुलाबरोबर घरी 'स्टॅच्यू' खेळा. मी स्टॅच्यू म्हटलं की हलायचं नाही, दहा मोजेपर्यंत. मशीनला आमच्याकडची पोरं 'मोठा मेदूवडा' म्हणतात. तुम्हीही म्हणा, भीती जाते.

कानातलं, केसातल्या पिना, क्लिपा, गळ्यातला ताईत घरीच काढून ठेवा. धातूमुळे चित्रात पांढऱ्या रेघा येतात.

डोळ्यांसाठी सर्वात महत्त्वाची गोष्ट आता. मुलाची हनुवटी छातीकडे थोडी झुकवली, तर किरणांचा पट्टा भुवईच्या वरच्या हाडापासून कानाच्या भोकाकडे असा तिरका जातो. मेंदू पूर्ण दिसतो आणि डोळे पट्ट्याच्या खाली राहतात. काही मशीनवर गँट्री, म्हणजे तो गोल भागच, तिरका करता येतो. पण फिरत फिरत सलग स्कॅन घेण्याच्या पद्धतीत अनेक मशीनवर तो तिरका होत नाही, म्हणून हनुवटीवरच भिस्त असते. मानेखाली घडी केलेला टॉवेल, डोक्याला योग्य आधार आणि दोन मिनिटं जास्तीची, एवढंच लागतं. तुम्ही शांतपणे विचारा: "ताई, डोळे पट्ट्याबाहेर ठेवता येतील का?" गर्दीच्या दिवशी माझ्याही हातून ही दोन मिनिटं कधी निसटली आहेत. आई-बाबांनी विचारलं असतं तर निसटली नसती.

दोन वेळा हा आग्रह धरू नका. मानेला इजा असण्याची शंका असेल, मानेला कॉलर बांधलेली असेल, तेव्हा मान वाकवणं धोक्याचं. आणि चेहऱ्याला किंवा डोळ्यालाच मार असेल, तेव्हा डोळ्याची खोबण स्कॅनमध्ये यायलाच हवी.

मुलाजवळ कुणी थांबायचं असेल तर एकानंच थांबावं, शिशाचा एप्रन घालून. दिवस गेलेले असतील, किंवा नुसती शंका असेल, तर आईनं आत थांबू नये. बाबा, काका, आजी कुणीही चालेल.

डोळ्यांवर झाकण घालायचं का?

हा प्रश्न हमखास येतो. बिस्मथ या जड धातूचं मऊ झाकण डोळ्यांवर ठेवलं की भिंगाचा डोस खरोखर कमी होतो. तरी मी तो मागून घ्या असं सांगत नाही. सीटीत किरणांची नळी डोक्याभोवती पूर्ण फिरते. समोरचं झाकण समोरचे किरण अडवतं, पण मागून शिरून, चित्राची माहिती घेऊन बाहेर पडणारे किरणही अडवतं, आणि नेमक्या त्याच भागात चित्र बिघडतं. मशीन स्वतःहून डोस ठरवत असेल आणि झाकण चुकीच्या क्षणी ठेवलं, तर समोर जाड काहीतरी आहे असं समजून ते डोस वाढवतं. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेनं २०१२ सालीच सांगितलं की बिस्मथऐवजी दुसऱ्या उपायांचा विचार करा. हे दुसरे उपाय म्हणजे डोळे पट्ट्याबाहेर ठेवणं, एकूण डोस कमी करणं, आणि काही मशीनमध्ये असलेली सोय: नळी चेहऱ्यासमोरून जाताना करंट आपोआप उतरतो.

पाचवी पायरी: रिपोर्टबरोबर डोसचं पान आणि सीडी घ्या

प्रत्येक स्कॅननंतर मशीन एक तक्ता तयार करतं. त्यात 'सीटीडीआय व्हॉल', म्हणजे स्कॅन झालेल्या भागातला मशीनचा सरासरी डोस मिलिग्रेमध्ये, आणि 'डीएलपी', म्हणजे तोच डोस गुणिले स्कॅनची लांबी, असे दोन आकडे असतात. फिल्मवर ते बहुधा शेवटच्या चौकटीत सापडतात; नसतील तर मागून घ्या. सीटीडीआय व्हॉल म्हणजे भिंगाचा अचूक डोस नव्हे, पण डोळे पट्ट्यात असतील तर अंदाज बांधायला तो उपयोगी पडतो. युरोपनं २०१८ साली मुलांच्या डोक्याच्या सीटीसाठी सीटीडीआय व्हॉलचे संदर्भाचे आकडे दिले, म्हणजे सहसा ज्याच्या वर जाऊ नये असे: तीन महिन्यांखाली २४, एक वर्षाखाली २८, सहा वर्षांखाली ४० आणि त्यापुढे ५० मिलिग्रे. सहा महिन्यांच्या बाळाच्या तक्त्यात ६० दिसले तर कारण विचारा. भांडू नका, विचारा.

सीडी किंवा मूळ डिजिटल फाइल घेणं मी फार महत्त्वाचं मानते. तालुक्याला स्कॅन होतो, मुलाला शहरात हलवतात, आणि बरोबर असतो फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो. त्यावरून न्यूरोसर्जनला निर्णय घेता येत नाही. त्याच रात्री तोच स्कॅन पुन्हा होतो. एका चार वर्षांच्या मुलाचे असे दोन दिवसांत तीन स्कॅन झालेले मी पाहिले आहेत. त्यातले दोन एका सीडीनं वाचले असते.

ज्यांचे स्कॅन वारंवार होतात

डोक्यातलं पाणी काढायला शंट, म्हणजे बारीक नळी, बसवलेली मुलं या लेखातली सर्वात महत्त्वाची मुलं आहेत. उलटी झाली, डोकं दुखलं की शंट तुंबलाय का पाहायला सीटी. दहा वर्षांचं होईपर्यंत आकडा कुठल्या कुठे जातो. अशांसाठी काही मिनिटांत होणारा जलद एमआरआय काही मोठ्या रुग्णालयांत होतो. तुमच्या न्यूरोसर्जनना त्याबद्दल विचारा. शंटची झडप बाहेरून चुंबकानं जुळवायच्या प्रकारची असेल तर एमआरआयनंतर ती तपासून घ्यावी लागते, हेही लक्षात ठेवा.

दुसरा गट आपल्याकडे बराच दिसतो: फिट आल्यावर मेंदूत फीतकृमीच्या अळीची गाठ किंवा क्षयाची गाठ सापडलेली मुलं. गाठ विरली का पाहायला काही महिन्यांनी पुन्हा तपासणी सांगतात. ती आधीपासून ठरलेली असते, घाई नसते, म्हणून एमआरआयची विचारणा इथे नक्की करा. सीटीच करायचा ठरला तर प्लेन आणि कॉन्ट्रास्ट दोन्ही न करता एकाच फेरीत भागवता येईल का, तेही विचारा.

अशा मुलांसाठी एक साधी वही करा. तारीख, मुलाचं वय, कुठला स्कॅन, कशासाठी, कुठल्या केंद्रात, सीटीडीआय व्हॉल, डीएलपी, आणि डोळे पट्ट्यात होते की बाहेर. सायनस, कान आणि डोळ्याच्या खोबणीचे सीटीही त्यातच लिहा, ते डोळ्यांच्या जवळचेच. नवीन डॉक्टरांकडे जाताना ही वही फाइलच्या सगळ्यात वर ठेवा. पाच-सहा नोंदी झाल्या की मुलाला नेत्रतज्ज्ञांकडे न्या, वही दाखवा आणि बाहुली मोठी करून भिंग तपासायला सांगा. तपासणी पुन्हा कधी करायची ते त्यांच्याकडून तारखेसह लिहून घ्या. बाहुली पांढरट दिसली, किंवा फ्लॅशच्या फोटोत एका डोळ्यात पांढरी चमक आली, तर त्या तारखेची वाट पाहू नका, त्याच आठवड्यात दाखवा.